फोटोत नसलेला चट्टा

मित्रांनो, मला जुना म्हणा, पाठीला तडा गेलेला म्हणा, चार्जरच्या पिनेला रबर गुंडाळल्याशिवाय जिवंत न होणारा म्हणा. हे सगळं खरं आहे. पण पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात ज्या भागवतच्या घरी मी राहतो, तिथे येणाराजाणारा मला 'बेकार फोन' म्हणतो, ते मी ऐकून घेणार नाही. आपली हकिगत सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात, डोळ्यांत पाणी आणतात. मला ते जमायचं नाही. मी रागावलेलो आहे, आणि का रागावलो आहे तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पाठीत कॅमेऱ्याचा डोळा बसवला आणि लगेच समोर एक तक्ता धरला. त्यावर केसासारख्या बारीक काळ्या रेघा होत्या. रेघ न् रेघ सुटी दिसली तरच पुढे जायचं, नाहीतर बाजूच्या टोपलीत. माझे किती तरी भाऊबंद त्या टोपलीत गेले. मला सगळ्या रेघा दिसल्या. मला वाटलं, आपलं काम आता कळलं. समोर जे आहे ते, आहे तसं दाखवायचं. माणसांना खरं बघायला आवडतं अशी माझी तेव्हा समजूत होती. भोळा होतो मी, दुसरं काय!

पुढे मी जाफराबादला फहीमभाईंच्या मोबाईलच्या दुकानात आलो. बसस्टँडच्या अंगाला दुकान, काचेच्या कपाटात मी. त्या साली मिरचीनं चांगला हात दिला होता, म्हणून भागवत मोबाईल घ्यायला आला. सोबत बायको दुर्गाबाई, धाकटी बहीण पायल आणि दुर्गाबाईंच्या कडेवर लेक शालू. फहीमभाईंनी मला हातात घेतलं आणि कॅमेरा उघडून समजावू लागले.

"भागवतभाऊ, पयले ही काच पुसायची. मंग ज्याचा फोटो काढायचा त्याच्या तोंडावर असं बोट ठेवायचं. हा छोटा सूरज दिसला? वर सरकवला तं उजेड, खाली सरकवला तं अंधार. बराबर? आन् झूम करू नका. पायानं चालत जवळ जावा."

"ते ऱ्हाऊ द्या फहीमभाई," भागवत म्हणाला, "ह्याच्यात गाणे किती बसतेत ते सांगा."

फहीमभाई हसले. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्यांनी मग माझ्यातली चेहरा उजळवणारी पट्टी उघडली. 'ब्यूटी' तिचं नाव. पट्टीवरचा ठिपका पार टोकाला नेला आणि भागवतचा फोटो काढला. उन्हानं रापलेली कातडी गेली, कपाळावरच्या आठ्या गेल्या, लहानपणी बैलानं शिंग मारलं होतं त्याची हनुवटीवरची खूणही गेली.

"देखो, दस साल कम हो गये!" फहीमभाई म्हणाले.

भागवतनं तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला, आरशात कधी पाहिलं नसेल इतका. मी विकला गेलो तो माझ्या खऱ्या डोळ्यामुळे नाही, त्या खोट्या पट्टीमुळे. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

मित्रांनो, या घरात माझे काय हाल झाले ते सांगतो. मिरची तोडून आलेला हात मला उचलतो. बोटांना चिकट रस, वर तंबाखूची भुकटी, आणि ते बोट नेमकं माझ्या काचेवर. मग फोटो धुरकट येतो. धुरकट आला की म्हणायचं, "फोन बेकार हाय." अरे, सुती धोतराचा एक कोपरा घ्या आणि पुसा की! तुमच्या चष्म्याला शेणाचं बोट लागलं तर तुम्ही चष्मा फेकून देता का?

भागवतला दुरून फोटो काढायची भारी हौस. देवीच्या जत्रेत तो गर्दीच्या मागे उभा राहणार आणि दोन बोटांनी पडदा ताणणार. ताणला म्हणजे मी पालखीजवळ जातो असं त्याला वाटतं. मला पाय आहेत का? मी जागचा हलत नाही. आहे तेच चित्र मी ताणून मोठं करतो, पिठाची एकच गोळी पोळपाटभर लाटावी तसं, आणि मग त्याला भोकं पडतात. चार पावलं पुढे गेला असता तर देवीच्या नथीतला मोतीसुद्धा मी दाखवला असता. पण नाही. नाचता येईना, अंगण वाकडं.

फ्लॅशचं तर बोलूच नका. माझा तो चिमूटभर दिवा ओसरीच्या टोकापर्यंत धड पोचत नाही, आणि हा त्यानं पलीकडच्या टेकडीचा फोटो काढतो. माणसांना दाराच्या उजेडाकडे पाठ करून उभं करतो आणि तोंडं काळी आली की मला शिव्या घालतो. तोंड उजेडाकडे कर, चेहऱ्यावर बोट ठेव, सूर्य जरा वर सरकव. एवढं केलं असतं तर झालं असतं. फहीमभाईंनी सांगितलं होतं, पण तेव्हा साहेब गाणी मोजत होते.

हे सगळं मी सोसलं. धुरकट फोटोनं कुणाचं काही बिघडत नाही. ज्यानं बिघडलं ते आता सांगतो.

पायलसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. बायोडाटाला फोटो हवा होता. पायल सावळी, तरतरीत, हसली की गालाला खळी पडणारी. माझ्या मते तर ती जशी होती तशीच सुंदर होती, पण माझं मत विचारतो कोण? तिनं स्वतःच ती पट्टी शोधून काढली आणि ठिपका टोकाला नेला. मी तिला गोरी केली. नाक बारीक केलं. खळी पुसून टाकली. दुर्गाबाई म्हणाल्या, "बया, किती उजळली गं तू!" फोटो वाटूरच्या एका घरी पसंत पडला आणि मुलगी बघायला न येताच लग्न ठरलं. मांडव पडला, सनई वाजली, पायल सासरी गेली. पट्टीवरचा तो ठिपका मात्र टोकालाच राहिला. त्याला मागे आणायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट सगळे खूश, कारण त्या घरात जो फोटो निघे तो उजळ निघे.

वर्षं गेली. शालू शाळेत जाऊ लागली, माझ्या पाठीला तडा गेला. मग एकदा शालूच्या डाव्या गालावर एक चट्टा उमटला. डोळ्याच्या खाली, फिकट, निस्तेज, जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा. खाज नाही, दुखणं नाही. दुर्गाबाई म्हणाल्या, "जंत झालेत पोरीला." आमच्या इकडे लेकराच्या गालावर पांढरं दिसलं की जंतच. जंताचं औषध दिलं. चट्टा गेला नाही, उलट वाढला.

गावातल्या आशा कार्यकर्त्या पुष्पाबाई लसीकरणाच्या गडबडीत होत्या. त्या रस्त्यावरूनच म्हणाल्या, "दुर्गाबाई, मला आज दुसऱ्या वस्तीवर जायचंय. तुम्ही गालाचा फोटो टाका माझ्या मोबाईलवर, मी डॉक्टरांना दाखवते."

आणि मित्रांनो, दुर्गाबाईंनी काय करावं? त्यांनी पोरीला न्हाऊ घातलं. वेणी घातली, रिबीन बांधली. पंचमीचा ठेवणीतला फ्रॉक काढला. आणि तोंडाला, त्या चट्ट्यासकट, पावडर लावली!

"आई, डॉक्टरला चट्टा दावायचा ना?" शालूनं विचारलं.

"मंग काय झालं? डॉक्टरपुढं पोरगी मळकी कशी धाडू? म्हणतील, माय न्हाई का हिला?"

मी ओरडणार कसा? मला तोंड नाही. पावडरीनं निम्मा चट्टा झाकला, उरलेला निम्मा माझ्या पट्टीनं पुसला. माझ्या काचेवर खोबरेल तेलाचं बोट होतं, त्यानं उरलीसुरली कसर भरून काढली. फोटोत शालूचा गाल लोण्यासारखा आला. एक डाग नाही! मला बनवलं होतं बारीक रेघा ओळखायला, आणि आठ आण्याएवढा चट्टा माझ्याच पोटात गडप झाला. तेव्हा मला माझीच इतकी चीड आली की वाटलं, चुलीत पडून वितळावं.

डॉक्टरांचा निरोप आला, "फोटोत काही दिसत नाही. तरी एकदा मुलीला समोर आणून दाखवा." निरोपाचं पहिलं वाक्य सगळ्या घरानं ऐकलं. दुसरं कुणाच्याच कानात शिरलं नाही. "काही न्हाई म्हणले डॉक्टर," असं दुर्गाबाई शेजारणीला सांगत सुटल्या.

माझा खरा राग इथे आहे. शालू रोज त्यांच्या समोर बसत होती. एकाच ताटात जेवत होती. तिची वेणी रोज दुर्गाबाईच घालत होत्या. चट्टा गालावर धडधडीत होता, वाढत होता. पण फोटोत नाही म्हणजे नाहीच! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. मी सांगितलेलं खोटं त्यांनी खरं मानलं आणि पोरीच्या गालावर लिहिलेलं खरं त्यांना दिसेनासं झालं.

पुढे भागवतच्या चुलतभावानं घर बांधलं. वास्तुशांतीला सगळं गोत जमलं, फक्त पायलला सासरहून येता आलं नाही. ओसरीवर फोटोसाठी रांग लागली. भरदुपारीसुद्धा भागवतनं फ्लॅश लावला, कारण तो कधी बंदच करत नाही. फ्लॅश उडाला आणि सगळ्यांचे डोळे मिटले. शालूचा उजवा मिटला. डावा मिटला नाही. पापणी निम्म्यावर येऊन थांबली आणि खाली पांढरी फट राहिली.

पट्टीला कातडी पुसता येते, मित्रांनो, उघडा डोळा पुसता येत नाही. मी तो दाखवला. लख्ख दाखवला. आता तरी बघतील असं मला वाटलं.

"ही शालू बघा, डोळा मारून राह्यली!" कुणीतरी म्हणालं, आणि ओसरी हसली. मला हातोहात फिरवून हसले. दुर्गाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी शालूच्या पाठीत धपाटा घातला.

"चार माणसांत असे चाळे करती का? पोरीच्या जातीला शोभतं का?"

"म्या न्हाई मारला डोळा," शालू रडत म्हणाली. "आई, म्या बिलकुल न्हाई मारला."

तिचं कुणी ऐकलं नाही. फोटो पुन्हा काढला. या वेळी सगळ्यांनी डोळे ताणून उघडे ठेवले. तो फोटो चांगला ठरला आणि पहिला पुसून टाकला. खरं दाखवलं की पुसतात आणि खोटं दाखवलं की चौकट करून भिंतीला लावतात. सांगा, रागावू नको तर काय करू?

श्रावण आला. पंचमीला पायल माहेरी आली. अंगणात पाऊल टाकलं, शालूला जवळ ओढलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

"वहिनी, हे काय हाय हिच्या गालावर?"

"जंताचा डाग हाय. डॉक्टरला फोटो दावला की. ते म्हणले, काही न्हाई."

"तुम्ही मला पण फोटो धाडत व्हत्या. त्यात तं पोरीचा गाल साफ दिसत व्हता!" पायलनं मला ओट्यावरून उचललं. कॅमेरा उघडला. पट्टी दिसली, टोकाचा ठिपका दिसला. तिनं मला भागवतसमोर धरलं. मग तिचा आवाज चढला.

"दादा, ही पट्टी मी लावल्ती. माझ्या फोटोसाठी. आन् तुम्ही ती तशीच ठेवली?"

"त्याला काय झालं? चांगले येतेत की फोटो," भागवत म्हणाला.

"चांगले? लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सासूनं तो बायोडाटाचा फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला व्हता, दादा. घरभर बाया बसल्या व्हत्या. म्हणली, दाखवली एक आन् दिली दुसरी. आजपर्यंत ऐकून राह्यले मी ते. मी माझं भोगलं, जाऊ द्या. पण पोरीचं दुखणं झाकलं ना ह्या पट्टीनं!"

माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या मनातलं मोठ्यानं बोलणारं माणूस मला त्या दिवशी भेटलं.

मग पायलनं फोटो काढला. कसा काढला ते नीट ऐका, कारण तुमच्याही घरात माझे भाऊबंद आहेत. तिनं शालूचं तोंड साध्या पाण्यानं धुतलं. पावडर नाही, काही नाही. जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्यानं माझी काच पुसली. पट्टीवरचा ठिपका ओढून शून्यावर आणला, फ्लॅश बंद केला. शालूला दारात, उजेडाकडे तोंड करून बसवलं. झूमला हात लावला नाही, स्वतः पुढे सरकली. फार चिकटलीही नाही, कारण नाकाला नाक लावलं तर मलाही धड दिसत नाही. दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरली, म्हणजे हात हलणार नाही. चट्ट्यावर बोट टेकवलं. तो छोटा सूर्य उगवला. तिनं तो किंचित खाली सरकवला, कारण जास्त उजेडात फिकट डाग उडून जातो. आणि मग दाबलं.

मला दिसला. चट्ट्याची कडा, तिच्यावरची बारीक खरबरीत कातडी, तिथे विरळ झालेली लव. सगळं सुटं दिसलं.

"आता डोळे मीट," पायल म्हणाली.

शालूनं मिटले. डाव्या पापणीखाली फट राहिली.

"नीट मीट ना गं."

"मिटलेच हायत, आत्या."

पायलनं पापणीवर बोट टेकवलं आणि दुसरा फोटो काढला. दुर्गाबाई पुढे आल्या, त्यांनी माझ्या पडद्यावर पाहिलं, मग शालूकडे पाहिलं आणि धपाटा घातलेल्या तिच्या पाठीवर हात ठेवला. "म्या मारलं गं तिला," एवढंच म्हणाल्या. "डोळा मारला म्हणून मारलं."

दोन्ही फोटो पुष्पाबाईंना गेले. पायलनं ते साध्या फोटोसारखे न टाकता डॉक्युमेंट करून धाडले. साधे टाकले की वाटेत त्यांचं रूप दाबलं जातं आणि बारकावे मरतात. थोड्याच वेळात मी वाजलो.

"दुर्गाबाई, डॉक्टर म्हणतेत, आता फोटो बस," पुष्पाबाई म्हणाल्या. "पोरीला घेऊन या. जल्दी या."

जीपमध्ये मी दुर्गाबाईंच्या कमरेच्या पिशवीत होतो. आरोग्य केंद्रात डॉक्टरीणबाईंनी शालूला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची बारीक वात करून तिच्या चेहऱ्याला लावली. "लागलं की बोट वर कर," त्या म्हणाल्या. उजव्या गालाला लावली, बोट वर झालं. कपाळाला लावली, वर झालं. चट्ट्याला लावली. बोट मांडीवरच राहिलं. पुन्हा लावली. शालू वाट बघत बसली होती, कधी लावतील म्हणून.

"कुष्ठरोग आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुर्गाबाईंनी पदर तोंडात कोंबला. "घाबरू नका. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या सरकारी आहेत, फुकट आहेत. तिचं ताट-वाटी वेगळं करायचं नाही, शाळा बंद करायची नाही. चट्टा जाईल."

"आन् डोळा?" भागवतनं विचारलं.

"पापणीची नस सुजली आहे. त्यासाठी वेगळं औषध देते. व्यायाम करून घ्या, धुळीपासून जपा. सुटेल असं वाटतं, पण शब्द देत नाही. चट्टा पहिल्यांदा दिसला तेव्हा आणलं असतं तर इथवर आलंच नसतं."

भागवतनं माझ्याकडे बघितलं. "ह्या फोनच्या..." असं काहीतरी तो पुटपुटला. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण डॉक्टरीणबाईंनी त्याला तिथेच अडवलं.

"फोनचं काय घेऊन बसलात? गाल तुमच्या घरात होता ना?"

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या फोनमध्येही ती पट्टी असेल. लग्नाच्या फोटोला लावा, वाढदिवसाला लावा, मला काय करायचं? पण काम झालं की ठिपका मागे आणा. आणि दुखणं दाखवायचं असेल, पिकावरची कीड दाखवायची असेल, काहीही खरं दाखवायचं असेल, तर मला खरं बोलू द्या. आमची काच पुसा, आम्हाला उजेड द्या, चार पावलं चाला. एवढं करा आणि मग आम्हाला बेकार म्हणा. आणि आमच्यातलं बघण्याआधी समोरचं माणूस बघा. हे एका मोबाईलनं तुम्हाला सांगावं लागतं याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

शालूच्या गोळ्या चालू आहेत. चट्टा कडेनं भरत आला आहे. पापणीचा फोटो दर महिन्याला डॉक्टरीणबाईंना जातो, आणि तो दुर्गाबाईच काढतात. त्या आता माझी काच पुसतात. परवा सकाळीही पुसली, शालूला दारात बसवलं आणि "मीट" म्हणाल्या. मी तयार होतो. बोट पडद्याजवळ आलं आणि थांबलं. दुर्गाबाईंनी मला बाजूला घोंगडीवर ठेवून दिलं, पाठीवर, डोळा घोंगडीत रुतलेला. मला समोर अंधार. मला फक्त ऐकू येत होतं. बांगड्या वाजल्या, म्हणजे त्यांनी पोरीची हनुवटी हातात धरली असावी.

"मीट, बाळ. आणखी. आणखी थोडं."

बांगड्या पुन्हा वाजल्या.

"मिटत आला गं," दुर्गाबाई म्हणाल्या. "केसावानी बारीक फट ऱ्हायली बघ नुसती."

मला काही दिसलं नाही. पण त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि त्या दिवशी फोटो काढायचा राहूनच गेला.